पाना, परवाना आणि आमची आठशे

बी. ई. (मेकॅनिकल)

दरवर्षी आपल्या अंकात एक तरी लेख ‘अमुक-तमुक : शाप की वरदान?’ या नावाचा असतोच. यंदा संपादक मंडळानं मला ‘इलेक्ट्रिक वाहने’ हा विषय दिला तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा तीच असावी. पण मित्रांनो, माझ्याकडे शापही नाही आणि वरदानही नाही. माझ्याकडे २००७ सालची एक मारुती ८०० आहे. तिच्यातलं पेट्रोल इंजिन आम्ही चौघांनी स्वतःच्या हातानं उतरवलं आणि तिथं मोटर बसवली. गाडी चालते, ब्रेक मारला की थांबते, आणि तिला रस्त्यावर आणायची परवानगी नाही. हा लेख त्या परवानगीबद्दल आहे. मधे थोडं (खरं तर बरंच) इंजिनिअरिंग येईल, ते कॉम्प्युटर आणि आयटीच्या मंडळींनी गोड मानून घ्यावं.

गाडी पप्पांची. पप्पांचं तालुक्याच्या गावी स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. जूनमध्ये वह्यांचे गठ्ठे, दिवाळीत कॅलेंडरं, मार्चमध्ये परीक्षांचे कागद, सगळं या गाडीच्या मागच्या सीटवरून आलं. मीही त्याच सीटवरून शाळेत गेलो. २०२२ च्या सुरुवातीला गाडीला पंधरा वर्षं झाली. एप्रिल २०२२ पासून जुन्या कारच्या फेरनोंदणीची फी सहाशेवरून पाच हजार होणार होती, म्हणून पप्पांनी घाईघाईनं त्याआधीच आरसी पाच वर्षं वाढवून घेतली. वर पर्यावरण कर भरला. आणि मग, असं होतंच, कागदपत्रं नवी झाली आणि इंजिन म्हातारं झालं. गाडी ऑइल प्यायला लागली. मागून निळा धूर. गॅरेजवाले काका म्हणाले, रिंगा, पिस्टन, बोअर, सगळंच करावं लागेल. भंगारवाला आला, त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि आकडा सांगितला, सव्वीस हजार. पप्पा म्हणाले, ‘‘देऊन टाकू.’’

मी म्हटलं, ‘‘पप्पा, मला द्या. प्रोजेक्ट करतो.’’

मला वाटलं शिव्या पडतील. ते नुसतं म्हणाले, ‘‘चालती करून दे म्हणजे झालं.’’ तेव्हा या वाक्यात किती अडचणी दडल्यात ते त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही.

आमची पहिली योजना अगदी देशी होती. घरोघरी इन्व्हर्टरला असतात त्या १२ व्होल्टच्या ट्युब्युलर बॅटऱ्या सहा आणायच्या, एकापुढे एक जोडायच्या, ७२ व्होल्ट तयार! एकाच्या घरची बॅटरी उचलून वजनकाट्यावर ठेवली तर पंचावन्न किलो. सहांचे झाले तीनशे तीस. मारुती ८०० चं स्वतःचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. म्हणजे गाडी निघण्याआधीच तिच्यात पाच धडधाकट माणसं कायमची बसलेली. मागचे पाटे, ब्रेक, टायर, कुणाचाच हिशोब यात बसेना. २००१ साली बंगळुरूच्या ‘रेवा’ कंपनीनं आपली छोटी इलेक्ट्रिक कार बाजारात आणली तेव्हा तिच्यातही आठ लेड-अॅसिड बॅटऱ्याच होत्या, पण ती गाडी मुळात त्यासाठीच आखलेली होती. आमची नव्हती. तीन दिवस डोकं खाजवून शेवटी लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल घ्यायचं ठरलं. १०० अँपिअर-अवरचे चोवीस सेल, प्रत्येकी ३.२ व्होल्ट, एकूण ७६.८ व्होल्ट आणि वजन फक्त पन्नास किलो. किंमत मात्र १ लाख ८ हजार. इथं दोघांच्या इंटर्नशिपचा पगार आणि पप्पांचे साठ हजार गेले. (‘‘तुझ्या लग्नातनं वळते करू,’’ असं ते म्हणाले आहेत. आईनं यावर मत दिलेलं नाही.)

आता एक गणित सांगतो. या गणितानं माझं डोकं पहिल्यांदा खऱ्या अर्थानं उघडलं. चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स शिकून जे झालं नव्हतं ते इथं झालं. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. आमच्या चोवीस सेलच्या पेटीत किती? ७६.८ गुणिले १००, म्हणजे पावणेआठ युनिट धरा. लाखभर रुपये खर्चून आम्ही जी ऊर्जा गोळा केली ती एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीतल्या पेट्रोलपेक्षा कमी! हे कळलं त्या रात्री आमच्यातला एकजण गंभीरपणे म्हणाला की आपण केटीसाठी अभ्यास करू या. पण गंमत पुढं आहे. ही गाडी लिटरला सतरा किलोमीटर द्यायची. म्हणजे नऊ युनिट जाळून सतरा किलोमीटर. आणि आता? कॉलेजच्या मैदानाभोवतीच्या १.१ किलोमीटरच्या रस्त्यावर आम्ही एका रविवारी अठ्ठावन्न फेऱ्या मारल्या. जवळजवळ चौसष्ट किलोमीटर झाले तेव्हा बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिमनं गाडी बंद केली. (वॉचमन मामांनी अठ्ठावन्नही फेऱ्यांना हात केला.) एक लिटरपेक्षा कमी ऊर्जेत चौसष्ट किलोमीटर! बाकीची ऊर्जा इतकी वर्षं कुठं जात होती? रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून, गरम हवा होऊन. कार्नो साहेब हेच सांगत होते, फक्त परीक्षेत ते पाच मार्कांना असायचे.

इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर, पेट्रोलची टाकी असं सगळं भंगाराच्या काट्यावर चढवलं तेव्हा शंभर किलोच्या आसपास भरलं. म्हणजे मोटर आणि बॅटरी बसवून गाडी होती तेवढीच राहिली, उलट थोडी हलकीच झाली. मोटर पाच किलोवॅटची. मूळ इंजिन ३७ घोड्यांचं, म्हणजे सत्तावीस किलोवॅटचं, त्यामुळे होस्टेलवर जो तो हसायचा. पण सपाट रस्त्यावर पन्नासच्या वेगानं ही गाडी ओढायला चाकांपाशी अडीच-तीन किलोवॅट पुरतात, कागदावर मांडून बघा. मोटरला शून्य आरपीएमलाच पूर्ण टॉर्क मिळतो आणि आम्ही मूळचा गिअरबॉक्स ठेवला होता. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी सुटते, तिसऱ्यात पळते. पहिला लागतच नाही. साठच्या पुढं जात नाही, हेही कबूल करतो. पप्पा कधी साठच्या पुढं गेले नाहीत, त्यामुळे तक्रार नाही.

खरी परीक्षा मोटर आणि गिअरबॉक्स जोडायची. दोन्हींच्या मधे एक जाड अॅल्युमिनियमची प्लेट लागते आणि एक कपलर. कपलरसाठी जुन्या क्लच प्लेटचा मधला दातेरी भाग कापून घेतला, म्हणजे गिअरबॉक्सच्या शाफ्टवर तो आपसूक बसतो. प्लेट आम्ही सॉलिडवर्क्समध्ये काढली, सुंदर रंग दिले, आणि ती घेऊन कोल्हापूरला उद्यमनगरात गेलो. तिथल्या एका मिस्त्रींनी ड्रॉइंग उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, ‘‘गिअरबॉक्स कुठाय?’’ आम्ही म्हटलं, गावी आहे, पण मापं बरोबर आहेत. ते म्हणाले, ‘‘बरोबर असतील. गिअरबॉक्स आणा.’’ आम्ही ऐकलं नाही, दुसरीकडून प्लेट करून घेतली. बसवली, मोटर सुरू केली, आणि गाडीला थंडी वाजल्यासारखी ती हुडहुडायला लागली. डायल गेज लावला तर सेंटर ०.४ मिलिमीटरनं बाहेर. परत उद्यमनगर, या खेपेला टेम्पोत गिअरबॉक्स घालून. मिस्त्री काही बोलले नाहीत. गिअरबॉक्सच्या तोंडावरूनच माप उचललं, डॉवेल पिनची भोकं आधी पाडली आणि प्लेट अशी करून दिली की सेंटर ०.०५ च्या आत. ‘‘आता वाजायची न्हाई,’’ एवढंच म्हणाले. पैसे घेतले ते फक्त मटेरियल आणि मशीनच्या तासांचे. मशीन डिझाइनच्या पेपरला टॉलरन्सवर दहा मार्कांचं उत्तर मी पाठ करून लिहिलं होतं. ते उत्तर मला या माणसानं समजावून दिलं.

एवढं सगळं करून पहिल्या सेमिस्टरच्या प्रोजेक्ट व्हायवाला आम्ही गाडी थेट डिपार्टमेंटच्या दारात उभी केली. एक्स्टर्नल सर खूश झाले, बसून एक चक्कर मारून आले. मग खुर्चीत बसून त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘हे आरटीओ पास होणार का?’’ आमचे आठही डोळे फरशीकडे.

म्हणून मी आरटीओत गेलो. खरं सांगतो, या लेखात एखाद्या साहेबांवर तोंडसुख घ्यायचं माझ्या मनात होतं, लेखाला जरा धार येते. पण साहेबांनी चहा पाजला, फोटो बघितले, मोटर किती किलोवॅटची विचारलं. मग म्हणाले, ‘‘किट कुठल्या कंपनीचं? सर्टिफिकेट कुठाय?’’

‘‘सर, किट नाही. आम्हीच केलंय.’’

‘‘मग तीच तर अडचण आहे,’’ ते म्हणाले आणि नियमाचा कागद माझ्यासमोर सरकवला. त्यांची चूक काही नव्हती.

आता तो नियम. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की कंपनीनं बनवली त्यापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे पुन्हा बजावलं. पण याच कलमाला २००० सालच्या दुरुस्तीत एक अपवाद जोडलेला आहे : गाडी दुसऱ्या इंधनावर किंवा ऊर्जेवर चालावी म्हणून मालकानं किट बसवून इंजिनात बदल केला तर तो ठरवून दिलेल्या अटींनुसार करता येईल. आणि त्या ऊर्जांच्या यादीत ‘बॅटरी’ हा शब्द आहे! बॅटरी, सीएनजी, एलपीजी, सौरऊर्जा. म्हणजे आमच्यातले काहीजण जन्मलेही नव्हते तेव्हापासून कायद्याला पेट्रोल गाडीची इलेक्ट्रिक गाडी होणं मंजूर आहे. प्रश्न फक्त अटींचा.

त्या अटी आल्या २०१६ साली. त्याआधी २०१० मध्ये आपल्या पुण्याच्याच केपीआयटीनं भारत फोर्जबरोबर ‘रेव्होलो’ नावाचं हायब्रीड किट जाहीर केलं होतं, चालू गाडीला बसेल असं. तेव्हा पेपरात मोठमोठ्या बातम्या होत्या, पण नियमच नव्हते. २०१६ चे नियम आणि एआयएस-१२३ हे मानक यांनी ती उणीव भरली. पद्धत अशी : किट बनवणाऱ्यानं ते पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून अमुक एका प्रकारच्या गाडीसाठी तपासून, टाइप अॅप्रूव्हल घ्यायचं. मग ते किट अधिकृत केंद्रात बसवायचं. मग आरसीवर इंधनाची नोंद बदलते. कागदावर एकदम चोख.

फक्त या चोख पद्धतीत माझे पप्पा कुठं बसतात ते सांगा. टाइप अॅप्रूव्हलच्या चाचण्या स्वस्त नसतात. तो खर्च करणारी कंपनी कुठली गाडी निवडेल? जिची शेकडो किटं विकली जातील अशी, टॅक्सीत चालणारी, माल वाहणारी. २००७ च्या मारुती ८०० साठी, जिचं उत्पादनच जानेवारी २०१४ मध्ये थांबलं आणि जिचा मालक आधी भंगारवाल्याशी बोलतोय, तिच्यासाठी कोण किट काढणार? कंपनीचंही बरोबर आहे, सरकारचंही बरोबर आहे, आरटीओचे साहेबही बरोबर. सगळे बरोबर असून गाडी मात्र शेडमध्ये.

‘बरंच झालं!’ असं म्हणणारेही आहेत, आणि मी त्यांच्याशी निम्मा सहमत आहे. का ते सांगतो. सप्टेंबरमध्ये एका संध्याकाळी सेलच्या पट्ट्या आवळताना माझ्या हातातला तेराचा पाना निसटला आणि एका सेलच्या दोन टोकांवर आडवा पडला. फक्त एक सेल, ३.२ व्होल्ट. टॉर्चच्या दोन सेलएवढा दाब! पांढरा झोत दिसला, फट्ट आवाज आला आणि पाना टर्मिनलला चिकटून बसला. मित्रानं लाकडाच्या दांडक्यानं तो उडवला. पान्याला बोटाच्या पेराएवढी खाच पडली होती, आणि माझ्या भुवईचे केस जळाल्याचा वास येत होता. व्होल्ट कमी म्हणून धोका कमी असं आम्ही धरून चाललो होतो, पण शॉर्ट झाल्यावर असा सेल हजारावर अँपिअर फेकतो हे डेटाशीट वाचूनही आमच्या डोक्यात शिरलं नव्हतं. चोवीस सेल पूर्ण जोडलेले असते आणि पाना दुसरीकडे पडला असता तर हा लेख कदाचित श्रद्धांजलीच्या पानावर असता. त्या दिवसापासून पान्यांना टेप, हातात रबरी मोजे, अंगठी-घड्याळ काढून ठेवणं आणि एकट्यानं काम न करणं हे चार नियम शेडच्या दारावर खडूनं लिहिलेत.

आणखीही बऱ्याच गोष्टी अशा आहेत की ज्या न कळता माणूस गाडी ‘चालती’ करू शकतो. आमच्या मॉडेलच्या ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर आहे. तो व्हॅक्यूम येतो इंजिनमधून. इंजिन काढलं की ब्रेक लागतो, पण दगडासारखा. त्याला १२ व्होल्टचा वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. हेडलाइट, हॉर्न, वायपरसाठी वेगळा डीसी-डीसी कन्व्हर्टर. फ्यूज डीसीचाच हवा, घरातल्या एसी एमसीबीनं भागत नाही, कारण एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी तिथं विझते, डीसीची ठिणगी मात्र ताणली तरी जळतच राहते. अपघातात तार तुटली तर बॅटरी आपोआप सुटी व्हायला हवी. बॅटरीची पेटी अशी बांधायला हवी की गाडी उलटली तरी ती ड्रायव्हरच्या मानेवर येऊ नये. यातली एकही गोष्ट गाडी ‘चालते का’ या प्रश्नात येत नाही. घरगुती सिलिंडर मागं ठेवून पळणाऱ्या ओम्नी आपण सगळ्यांनी पाहिल्यात, शाळेची पोरं भरलेल्या पाहिल्यात. त्याही चालतच होत्या. तेव्हा ‘घरी केलं, आता सोडा रस्त्यावर’ असं माझं म्हणणं अजिबात नाही.

माझं म्हणणं एवढंच की माझी गाडी तपासा. किट नको, गाडी तपासा. हीच एक.

हे जगावेगळं नाही. न्यूझीलंडमध्ये ‘लो व्हॉल्यूम व्हेइकल’ नावाची पद्धत आहे. एखाद्यानं आपल्या एकाच गाडीत मोठा बदल केला, तर नेमलेला जाणकार तीच गाडी तपासतो, आणि पास झाली तर तिला एक छोटी धातूची पट्टी लावली जाते. इलेक्ट्रिक गाड्यांसाठी त्यांचं वेगळं मानकही आहे. ऑस्ट्रेलियातही अशा बदलांसाठी राष्ट्रीय संहिता आहे आणि मान्यताप्राप्त इंजिनिअरचं प्रमाणपत्र चालतं. उलट फ्रान्सनं २०२० मध्ये जो नियम केला तो आपल्यासारखा, मान्यताप्राप्त किट आणि मान्यताप्राप्त बसवणारा. म्हणजे आपण काही एकटेच कडक नाही. पण दोन वाटा आहेत आणि आपल्याकडे एकच उघडी आहे.

अमेरिकेत हा घरगुती उद्योग कधीपासूनचा, तर तिथली ‘इलेक्ट्रिक ऑटो असोसिएशन’ १९६७ मध्ये सुरू झाली. गॅरेजमध्ये गाडी कापायची, विमानाच्या भंगारातली स्टार्टर-जनरेटर मोटर किंवा फोर्कलिफ्टची मोटर घालायची, गोल्फ कार्टच्या बॅटऱ्या रचायच्या आणि शनिवारी एकमेकांना दाखवायच्या. त्या परंपरेतल्याच जॉन वेलँड नावाच्या गृहस्थांनी १९७२ च्या डॅटसन १२०० मध्ये मोटरी घालून तिला ‘व्हाइट झोंबी’ नाव दिलं आणि पाव मैलाच्या शर्यतीत ती अकरा सेकंदांच्या आत नेली. दिसायला आपल्या फियाटसारखी साधी गाडी! आणि आपली रेवा जन्माला घालणारे चेतन मैनी तरी कुठून आले? मिशिगन विद्यापीठात असताना ते सोलर कार बनवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या टीममध्ये होते. माणूस आधी शेडमध्ये हात काळे करतो, कंपनी मागून येते. आपण पोरांना ई-बाहाच्या ट्रॅकवर गाडी पळवू देतो, ट्रॉफी देतो, आणि ट्रॅकबाहेर त्यांच्या ज्ञानाला कुठलीही जागा ठेवत नाही.

इथं पर्यावरणवाल्या मित्रांना एक बोचरी गोष्ट सांगायला हवी. आमची गाडी हिरवी आहे असं पोस्टरवर लिहिताना माझा हात थांबला. पूर्ण चार्जला भिंतीतल्या प्लगमधून जवळजवळ नऊ युनिट जातात. देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागं सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, कारण आपली बरीचशी वीज कोळशाची. म्हणजे चौसष्ट किलोमीटरला सव्वासहा-साडेसहा किलो, किलोमीटरला शंभर ग्रॅम. पेट्रोलवर हीच गाडी किलोमीटरला एकशे पस्तीस ग्रॅम सोडायची. फरक आहे, पण ‘झीरो एमिशन’चा स्टिकर लावण्याइतका नाही. तो जसजशी वीज बदलेल तसा वाढेल, आणि निळा धूर गल्लीतून गेला हे तर आजच आहे. खर्चात मात्र शंका नाही : युनिटला दहा रुपये धरले तरी चौसष्ट किलोमीटर नव्वद रुपयांत. पेट्रोलचे पावणेचारशेच्या वर व्हायचे. एकूण खर्च २ लाख ५ हजार झाला, तो पप्पांच्या रोजच्या वापरात वसूल व्हायला बरीच वर्षं लागतील, हेही लपवत नाही. स्वस्तात मस्त म्हणून कुणी यात पडू नये.

मग मागणी काय? प्रत्येक जिल्ह्यात एखादं तरी इंजिनिअरिंग किंवा पॉलिटेक्निक कॉलेज आहे. तिथं मल्टिमीटर, मेगर, वजनकाटा, ब्रेक तपासायला मोकळी जागा आणि रिकामे बसलेले आम्ही आहोत. आरटीओचा एक अधिकारी, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलचे एकेक प्राध्यापक, यांनी मिळून गाडी दिवसभर बघावी. दोन्ही अॅक्सलवरचं वजन, इन्सुलेशन, ब्रेकचं अंतर, बॅटरीची पेटी, इमर्जन्सी स्विच. पाण्याचा फवारा मारून परत इन्सुलेशन. पास झाली तर वेग साठपर्यंत बांधून, आरसीवर ‘स्वतः केलेला बदल’ असा शेरा मारून सोडावी, दरवर्षी परत बोलवावी. पाच वर्षं विकायला बंदी घाला हवं तर, म्हणजे कुणी याचा धंदा करणार नाही. नापास झाली तर का झाली ते लेखी द्यावं. आमची झाली तर मी मुकाट्यानं परत पाना घेईन. फी पाच-दहा हजार लावा, पर्यावरण कराइतक्याच आनंदानं भरू.

आमच्या गाईड सरांचा याला विरोध आहे, हे इथं लिहिलंच पाहिजे. ते म्हणतात, तू चौघांची शेड बघतोस, मी चार हजार शेड बघतो. त्यात तुझ्यासारखे डेटाशीट वाचणारे किती? उद्या एक गाडी पेटली तर सही करणारा प्राध्यापक तुरुंगात, म्हणून कुणी सहीच करणार नाही. यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच सुचतं की त्या चार हजार शेडमध्ये काम आजही चालतंच. ई-रिक्षाची मोटर आणि कुठून तरी आणलेले जुने सेल घालून लोक काहीबाही करतात आणि गपचूप गावातल्या गावात फिरवतात, विमा नाही, तपासणी नाही. दार बंद असलं की जो नियम पाळतो तो बाहेर राहतो, न पाळणारा खिडकीतून आत गेलेला असतो. सर म्हणाले, ‘‘हे वाक्य चांगलं आहे, लेखात घाल.’’ घातलं. पण पटल्याचं त्यांनी सांगितलेलं नाही.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा पप्पांनी विचारलं, ‘‘चालते ना?’’ म्हटलं, चालते. ‘‘मग दारात का नाही?’’ मी कलम ५२ पासून सुरुवात केली. त्यांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि गिऱ्हाईक आलं म्हणून उठले. नंतर कळलं की आईला म्हणत होते, सेकंडहॅंड ओम्नी बघावी म्हणतो. वह्यांचे गठ्ठे मोटरसायकलवरून आणताना या जूनमध्ये दोनदा भिजले होते.

आरसीची मुदत फेब्रुवारी २०२७ पर्यंत आहे. ती अजून पेट्रोलच्या नावावर आहे आणि पेट्रोलचं इंजिन भंगारवाल्यानं नऊ हजाराला कधीच नेलं. आम्ही चौघांनी परिवहन खात्याला गाडीच्या मोजमापांसह एक अर्ज पाठवलाय, सोळा पानी, अॅक्सलच्या वजनापासून इन्सुलेशनच्या आकड्यांपर्यंत सगळं घालून. पोच आली आहे. उत्तर आलं तर पुढच्या अंकासाठी ज्युनिअर्सना कळवीन.

तोवर गाडी वर्कशॉपमागच्या शेडमध्ये आहे. सेकंड आणि थर्ड इयरच्या ज्यांना बघायची असेल त्यांनी शनिवारी दोननंतर यावं, फेरी मारायला मिळेल, मैदानापुरती. येताना अंगठी काढून यावं. आणि वर्कशॉपमधला डायल गेज ज्यानं नेलाय त्यानं तो कृपया परत आणून द्यावा.